दार लावून नेसवलेलं लुगडं

सोजर, माझी बायको, गेली त्याच्या आदल्या सकाळी मी तिला लुगडं नेसवलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दोन वर्षांपासून तिचा उजवा हात लुळा होता, त्यामुळं ते रोजचंच. ती खाटेला धरून उभी राहायची. मी कमरेला गाठ मारायचो, निऱ्या घालायचो, काष्टा मागं खोचायचो. पण आधी दाराला कडी. आमच्या मांडवगणात सगळ्यांना वाटायचं, सूनबाई नेसवते. सून गाऊनवाली, तिला नऊवारीतलं काय कळतंय! पण मी तसं वाटू दिलं. त्या दिवशी सोजर म्हणाली, "अवं, कडी कशापायी? कोण येतंय बघायला?"

"गप उभी ऱ्हा. न्हाईतर सुटंल."

"तुमच्या हातचं कवा सुटलंय?" म्हणाली आन् हसली...

मला नेसवता कसं येतं ते आज सांगतो. चौथी शिकलेला माणूस मी, जमेल तसं लिहितोय. दहा-अकरा वर्षांचा होतो तेव्हा जत्रेच्या नाटकात राणीचं काम मी करायचो. तेव्हा गावच्या नाटकात बाया नसायच्या. बारीक आवाजाचा, नाकीडोळी नीट पोरगा बघायचा आन् उभा करायचा. पहिल्यांदा आत्यानं नेसवलं, मग माझं मीच शिकलो. चालायचं कसं, पदर तोंडात धरून रडायचं कसं, नाटकाच्या मास्तरनं छडी घेऊन शिकवलं. तीन जत्रा झाल्या आन् आवाज फुटला. मास्तरनं राणीचं लुगडं दुसऱ्या पोराच्या अंगावर टाकलं, माझ्या हातात भाला दिला. मागं उभं राहायचं, बोलायचं काही नाही. गाव मात्र मिसरूड फुटलं तरी हाक मारायचं, "काय राणीसाहेब, आज पायीच का?" मी दगड घेऊन धावायचो. खरं सांगू का... मला ते काम आवडायचं. लाज त्याचीच होती.

सोजर शेजारच्या इनामगावची. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं ते नाटक बघितलेलं. लग्नानंतर आठवडाभरात म्हणाली, "राणी रडली तवा म्या बी रडले हुते." मी पुढ्यातलं ताट भिरकावलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही... हात गेला तोवर. दवाखान्यातून आणल्यावर सून गाऊन घेऊन आली, तेव्हा सोजरनं माझ्याकडं फक्त बघितलं. मी उठून कडी लावली.

आन् त्या शेवटच्या दिवशी, दुपारी, नातीचा फोन आला. प्रणाली दौंडला कॉलेजात इंग्रजीचं एमए करते. म्हणाली, "आबा, चारशे वर्षांमागं इंग्लंडातबी नाटकात बायकांची कामं पोरंच करायची. उस्तादाच्या घरी राहून शिकायची, मोठी झाली की सोंग संपलं. पुस्तकात त्यांचे कपडे लिहिलेत, त्यांचे मालक लिहिलेत. पण त्या पोरांना काय वाटत होतं, ते त्यांचं त्यांनी लिहिलेलं मला कुठंच सापडंना. आजी म्हणती, तुम्हाला इचारायचं."

माझं डोकं फिरलं. ओरडलो, "म्हातारीला चळ लागलाय! म्या जन्मात लुगड्याला हात लावला न्हाई."

सोजर समोरच बसलेली, मीच नेसवलेल्या लुगड्यात. तिनं डाव्या हातानं फोन घेतला. "व्हय गं बाई, माझीच चूक. दुसरंच कुणीतरी आसंल त्ये." मग भिंतीकडं तोंड करून पडली ती रात्रीपर्यंत. सकाळी खाटेवर लुगडं काढून ठेवलं, चहा घेऊन तिला उठवायला गेलो... तर गेलेली.

बायांनी आत अंघोळ घातली. नवं हिरवं लुगडं आणलेलं. आम्ही पुरुष बाहेर. आतलं ऐकू येत होतं.

"सून म्हणती, तिला न्हाई येत. नऊवारी येती का गं कुणाला?"

"आमच्या सासूला यायची. ती असती तर."

"मग गुंडाळा तशीच. आता कोण बघतंय?"

उंबऱ्यापासून मी दोन हातांवर होतो. नुसतं म्हणायचं होतं, सरा, मला येतंय. पण माणसं बघत होती. मी खाली मान घातली. बाहेर आणली तेव्हा काष्टा नव्हता. जी बाई काष्ट्याबिगर कधी चुलीपाशी गेली नाही, तिला गाठोड्यासारखी नेली. दोन वर्षं नेसवणारे माझे हात तेवढा वेळ पायजम्याच्या खिशात होते.

सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, आबांनी बायकोचं लई केलं. ते ऐकवत नाही.

तिला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला उठलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. खाटेवर मी काढून ठेवलेलं तिचं अंजिरी लुगडं तसंच होतं, घडी न मोडलेलं. दौंडहून आलेल्या प्रणालीला म्हणालो, "त्या इंग्लंडातल्या पोरांचं लिवतीस ती वही आणलीस का?"

ती म्हणाली, "आबा, आत्ता?"

"आत्ताच. आन् दार उघड. पुरतं उघड."

ओसरीवर चहा पिणाऱ्या बायांनी माना वळवल्या. मी लुगडं झटकलं, पायजम्यावरनंच कमरेला गाठ मारली आन् निऱ्या घालत म्हणालो, "लिही. त्या पोरांपैकी मी एक."