शिवेवरचा बाबा आणि माझी पाटी

‘इतिहास दगडात कोरलेला असतो, आणि दगड जागचा हलत नाही.’

हे वाक्य माझं आहे. आमच्या गावाच्या शिवेवर, डांबरी रस्त्याच्या कडेला, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ते लिहिलेलं होतं. खाली माझं नाव नव्हतं, सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनचं होतं. तेव्हा ते मला खटकलं होतं. आता बरं वाटतं.

मी त्या काळात शिरूर कासारच्या बाजूच्या एका गावात शाळामास्तर होतो. गावात पुस्तकं वाचणारा मी एकटाच, त्यामुळे इतिहासाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं होतं. शिवेवर एक वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. कमरेइतका उंच. हातात तलवार घेतलेला एक माणूस त्यावर होता. ऊनपावसानं, त्यातही आमच्याकडे उन्हानंच, त्याचं तोंड पार झिजून गेलं होतं. नाक, डोळे, काही नाही, गुळगुळीत गोटा. गावाला वीरगळ हा शब्द ठाऊक नव्हता. गाव त्याला नुसतं बाबा म्हणायचं.

दसरा झाला की निम्मं गाव बैलगाड्या जुंपून कृष्णाकाठच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला निघायचं. प्रत्येक गाडी बाबापाशी थांबायची. लहानथोर सगळ्यांनी उतरून दगडाला हात लावायचा आणि ‘येतो’ म्हणायचं. सहा महिन्यांनी परत आल्यावर पुन्हा हात लावून ‘आलो’. ज्यानं ‘येतो’ म्हटलं त्याला सुखरूप आणायची जबाबदारी दगडाची. मी याला अंधश्रद्धा म्हणत असे. मात्र म्हणताना शिवेच्या आतल्या बाजूला उभा असे.

बहात्तरच्या दुष्काळात या रस्त्याचं काम निघालं, तेव्हा मुकादमानं बाबाला उपटून खडीच्या ढिगात टाकलं. त्या वर्षी गाड्या न थांबता गेल्या. गावाच्या कडेला मेंढरं राखणारं एक घर होतं. दुष्काळात मेंढरं संपली आणि ते घर पहिल्यांदाच तोडीला गेलं. घरातला थोरला मुलगा उसानं भरलेल्या गाडीखाली सापडला. बाकीचे परतले, तेव्हा त्याच्या आईनं खडीच्या ढिगातून तो दगड हातांनी मोकळा केला आणि चौघांकडून जागेवर उभा करून घेतला. मग त्याला हात लावून ‘आले’ म्हणाली. मागं उभे असलेले बराच वेळ थांबले, पण मुलाच्या वतीनं ती काही बोलली नाही. हे मला गावकऱ्यांनी सांगितलं. मी पुढं दहा-बारा वर्षांनी तिथं गेलो.

तोवर ती म्हातारी झाली होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. धाकटा मुलगा उरला होता, त्याचं लग्न झालेलं. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पाऊस पुन्हा दगा देऊन गेला होता आणि सून पोटुशी होती. तिघांनाही तोडीला जाणं भाग होतं. गेलेले सगळे परत येतील का, एवढा एकच प्रश्न मावशीपुढं होता. गावापुढं इतरही प्रश्न होते. त्यांपैकी एक असा, की कारखान्याला इतिहास पाहिजे होता.

कारखाना नवा होता. इमारत झाली होती, धुराडं झालं होतं, चेअरमन झाले होते. पाणी नव्हतं म्हणून ऊस नव्हता, आणि ऊस नव्हता म्हणून आमचे सभासद दुसऱ्यांचा ऊस तोडायला जात होते. चेअरमननी मला बोलावून सांगितलं की या मातीला शौर्याची परंपरा आहे, ती रस्त्यावर दिसली पाहिजे. मी पाटीचा मजकूर लिहून दिला. दगड बाराव्या शतकातला आहे असं त्यात म्हटलं. कशावरून, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला फार खोदून विचारलं नाही.

इतकी वर्षं दगड बिनधास्त उभा होता. पाटी लागली आणि तो मौल्यवान झाला. महिन्याभरात ठरलं, की इतका मौल्यवान दगड रस्त्याच्या कडेला ठेवणं बरं नाही, तो कारखान्याच्या बागेत हलवावा. बाग अजून व्हायची होती.

ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत यायचा होता. सभेला बुंदी असायची, म्हणून अख्खं गाव दोन ट्रॅक्टरांत बसून कारखान्यावर गेलं. मीही गेलो. ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. आवाज बुंदीच्या रांगेतून आला.

परतताना दुपार कलली होती. शिवेवर पुढचा ट्रॅक्टर आपोआप थांबल्यासारखा थांबला. बाबाच्या जागी गुडघाभर खड्डा होता. आतली माती काळी होती, कितीतरी वर्षांनी उजेड पाहिल्यासारखी. त्या वर्षी धूळ एवढी होती की मुंगीसुद्धा मागं माग सोडून जायची. पण खड्ड्याभोवती वीस-पंचवीस हात धूळ गुळगुळीत होती. माणसाचं पाऊल नाही, बैलाचा खूर नाही, चाकाची चाकोरी नाही. पाटीही नव्हती. पाटीचे दोन खांब तेवढे उभे होते आणि त्यांच्या चौकटीतून पलीकडचं उजाड रान दिसत होतं. कुणी खाली उतरेना. ‘उठून गेला,’ असं मागच्या ट्रॅक्टरातून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

मावशीला निरोप गेला. तिनं येऊन खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि एक शब्द न बोलता घरी गेली. तिनं आरडाओरडा केला असता तर गाव कमी घाबरलं असतं.

चेअरमनची अडचण वेगळी होती. पंधरा दिवसांवर मंत्री येणार होते आणि त्यांच्या हस्ते या दगडाची पूजा ठरली होती. म्हणून तालुक्यातल्या एका मूर्तिकाराला बोलावलं. तो सिमेंटचे अर्धपुतळे करायचा, आणि त्याच्याकडे डोक्याचा एकच साचा होता. तो चेअरमनच्या कैलासवासी वडिलांचा. धड त्यानं अंदाजानं केलं, डोकं साच्यातून काढलं. त्यामुळे शरीर कमरेइतकं आणि डोकं पुऱ्या माणसाचं, असा वीर शिवेवर उभा राहिला. चोरी उघडकीला आली आणि मूळ दगड सापडला, असं जाहीर झालं. नवी पाटी लागली. मजकूर माझाच.

मंत्री आले नाहीत. बाबा मात्र राहिला. त्याला आता डोळे होते, तेही उघडे, बुबुळांसकट. गावातल्या जुन्या माणसांनी त्या चेहऱ्याच्या माणसाला खांदा दिलेला होता. तो आता शिवेवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहत होता. सिमेंट वाचवण्यासाठी पाठीकडून तो पोकळ ठेवला होता. दुपारची वावटळ सुटली की त्या पोकळीतून घुमल्यासारखा आवाज यायचा, दूरवर कुणीतरी तोंड मिटून हुंकार द्यावा तसा. कारण मला माहीत होतं. तरी शाळा सुटल्यावर मी घरी बांधावरून जाऊ लागलो.

दसऱ्यानंतर गाड्या निघाल्या. मी निरोप द्यायला शिवेवर गेलो होतो. गाड्या थांबल्या, पण दगडाला हात लावायला कुणी पुढं होईना. सगळे मावशीकडे पाहत होते. तिनं त्या मोठ्या डोक्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“गुर्जी, आमच्या बाबाला तोंड न्हवतं.”

मी म्हणालो, शेंदराचे जुने थर काढून धुतलाय, म्हणून दिसतंय.

“म्हंजी ह्यो त्योच हाय?”

तिच्या मागं सून उभी होती, एक हात पोटावर ठेवून. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर गाड्या तशाच निघाल्या असत्या, बहात्तरसारख्या. चेअरमनचा माणूसही जरा अंतरावर उभा होता, हेही खरं.

“तोच आहे, मावशी.”

“तुमी म्हंता तर त्योच,” ती म्हणाली आणि तिनं हात लावला. मग सगळ्यांनी लावला. तिची गाडी शेवटी निघाली. तिची चाकं धुळीत इतरांपेक्षा खोल रुतत होती. बैल खंगलेत म्हणून असेल, असं मला वाटलं. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. खोट्या दगडाच्या भरवशावर मी एका पोटुशीला दोन जिल्हे पलीकडे पाठवलं होतं.

गाव रिकामं झालं. दारांना कड्या-कुलपं, विहिरींत दगड टाकला तर पाण्याऐवजी दगडाचाच आवाज. उरलेली म्हातारी माणसं पारावर बसून सांगायची, की बाबानं मान वळवली, आता तो गाड्या गेल्या त्या दिशेला पाहतोय. मी जाऊन पाहिलं नाही. पाहून आलो असतो तर पाहायला गेलो होतो हे कबूल करावं लागलं असतं.

पौषात शाळेला पत्र आलं. पटावरची निम्मी मुलं कोणत्या कारणास्तव गैरहजर आहेत आणि सध्या कोठे आहेत, याचा लेखी खुलासा द्यावा. खुलासा घ्यायला मी कृष्णाकाठी गेलो. एसटीतून उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि नदीवरून धुकं इतकं आलं होतं की रस्त्याची दुसरी कड दिसत नव्हती. चालता चालता समोर एक पाटी आली: पुढे शाळा आहे. पुढं शाळा नव्हती. मग दुसरी: बीड ३२ कि.मी. बीड तर दोन जिल्हे मागं राहिलं होतं. पुढं ‘अरुंद पूल’, त्यापलीकडे ‘वाहने सावकाश हाका’, आणि मग आमच्या शेजारच्या गावाचं नाव, बाण दाखवून, थेट धुक्यात. मी उभाच राहिलो. आपण आलो तिथंच परत पोचलो की काय, असं क्षणभर वाटलं.

मग एक पाटी आतून उघडली आणि बाई तांब्या घेऊन बाहेर आली. त्या कोप्या होत्या, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या. आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरचे पत्रे उपटून आणून माणसांनी त्यांना दारं केली होती. 

रांगेच्या शेवटी माझं वाक्य होतं. ‘दगड जागचा हलत नाही’ हे वाऱ्यानं पुढं-मागं हलत होतं.

मी पाटी बाजूला सारली. आत अंधार होता. हळूहळू दिसलं ते असं: चुलीपलीकडे जमिनीत पुरलेला, ताज्या शेंदराचा, तोंड नसलेला बाबा. त्याच्या खांद्याला झोळीचं एक टोक बांधलेलं, दुसरं कोपीच्या मेढीला. झोळीत काहीतरी इवलंसं हलत होतं. शेजारी मावशी बसली होती.

“या गुर्जी. बसा. नातू झाला,” ती म्हणाली, जणू मी बोलावल्यावरूनच आलो होतो.

मी विचारलं, दगड तुम्ही चोरला? माझा आवाज मलाच शाळेतला वाटला.

“चोरंल कशाला? संगं आणला. त्यो तिकडं शिवंवर उभा ऱ्हाऊन हिकडं आमाला कसा राखंल? थोरल्याच्या टायमाला कळलं आमाला. आन् आता तर त्याला कारखान्याच्या दारात बांधणार व्हते, कुत्र्यावानी.”

सभेच्या दिवशी ती आणि मुलगा, दोघंच मागं राहिले होते. लाकडाचे ओंडके खाली घालून दगड गाडीत घेतला, आणि बाभळीची फांदी गाडीमागं बांधून माग झाडत नेला. लांडगा मागावर असला की मेंढरांचे माग असेच झाडतात, असं तिनं समजावून सांगितलं. तोडीला निघेपर्यंत तो तिच्या मेंढरांच्या जुन्या वाड्यात, कापसाच्या पऱ्हाट्यांखाली होता.

“मग मला कशाला विचारलं, तोच हाय का म्हणून?” माझ्याही तोंडून हाय निघालं.

“त्योच हाय म्हणून गावाला सांगणारं कुनी पायजे व्हतं. तुमचा शबूद चालतो.” तिनं झोळीला झोका दिला. “तुमी लबाड बोलनार का न्हाई, तेवढं बघायचं व्हतं. लई झाक बोललात.”

तिनं चहा दिला. बाबापुढंही एक बशी ठेवली. मुलांची नावं घेऊन मी परतलो आणि लेखी खुलासा दिला. त्यात दगडाविषयी काही विचारलेलं नव्हतं.

माघात जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक तज्ज्ञ आले, शिवेवरच्या वीराची अधिकृत नोंद करायला. चेअरमनकडे जेवण झालं, मग त्यांनी फीत काढली. तोवर भीतीपोटी गावानं सिमेंटवर शेंदराचे इतके थर चढवले होते की आत काय आहे ते कुणालाच दिसलं नसतं. भावना दुखावतील म्हणून त्यांनी खरवडून पाहिलं नाही. मला विचारलं, दगड मूळ जागीच आहे ना? मी खरं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी जीप कृष्णाकाठी गेली असती, आणि तोडीला गेलेल्यांपैकी कुणी बाबाशिवाय परत यायला निघालं नसतं. एव्हाना लबाड बोलण्याची मला सवयही झाली होती. साहेबांनी लिहून घेतलं, की डोकं शरीराच्या मानानं मोठं असणं हे बाराव्या शतकातल्या शैलीचं खास लक्षण आहे.

चैत्र संपता संपता भर दुपारी गाड्या आल्या. मी शिवेवरच होतो. त्या आठवड्यात रोज जात होतो. गेले होते तेवढे सगळे परत आले, एक जास्त आला. आधी सिमेंटचा वीर उचलून बाजूला केला, बाबाला जुन्या खड्ड्यात उभं केलं, आणि मग सगळ्यांनी त्याला हात लावून ‘आलो’ म्हटलं. तो स्वतःही आत्ताच आला होता, हे कुणाच्या मनात आलं नाही. नातवाचा हात मावशीनं धरून टेकवला. त्याच्या वतीनं ती ‘आलो’ म्हणाली, दोनदा.

दुसऱ्या दिवशी मागं राहिलेल्या गावानं पाहिलं, की बाबाचं तोंड गेलंय. ‘उन्हानं झिजलं आसंल,’ पारावरचा एक म्हातारा म्हणाला आणि विषय संपला. चेअरमनचं लक्ष तोवर निवडणुकीकडे लागलं होतं.

तेव्हापासून दसऱ्याला बाबा तोडीला जातो आणि उन्हाळ्यात परत येतो. तो नसतो तेव्हा शिवेवर दुसरा असतो. तज्ज्ञांनी मोजून, तपासून, यादीत नोंदवलेला वीर तो दुसरा. उन्हाळ्यात तो मावशीच्या वाड्यात पालथा पडलेला असतो, आणि त्याच्या पाठीच्या पोकळीत शेळ्या पाणी पितात.