जावयाचं ‘नको’

आमच्या अप्पांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. सायकल जमली नाही, स्कूटर जमली नाही, आणि क्लच दाबायला डावा पाय लागतो म्हणून मोटारही जमायची नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मग नव्वदच्या दशकात देवळालीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून त्यांनी जुनी अमेरिकन गाडी घेतली. आमच्या ओट्याहून लांब, आणि पेट्रोल पाण्यासारखं पिणारी. पण बिनगिअरची, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी. क्लचच नाही. दारात पांढरा हत्ती बांधलात, असं आई म्हणाली. अप्पांनी ऐकलं नाही, कारण चाळिशी ओलांडलेला हा माणूस “मला सोडतोस का?” असं कुणाला न विचारता पहिल्यांदाच ऑफिसला जाऊ लागला होता.

पुढे धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, म्हणून सायखेड्याच्या मामाने आम्हाला बोलावलं. मामा आईचा धाकटा भाऊ. भाजीपाला करायचा आणि स्वभावाने लोण्याहून मऊ. त्याच्या दारात पोचेपर्यंत गाडीच्या पुढून पाणी गळायला लागलं. पाण्याचा पंप गेला होता, इंजिन चालू करायची सोय उरली नाही.

जेवताना अप्पा ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणत होते आणि मामी हाताच्या कडेने पुरणाचा धोंडा सरकवत होती. जावयाने नको म्हणायचं आणि सासरच्यांनी वाढायचं, ही रीतच. पहिलं नको कुणी ऐकत नाही, दुसरंही नाही. ऐकलं तर जावई उपाशी उठला म्हणून बोभाटा होतो.

हात धुताना मामा म्हणाला, ट्रॅक्टरला बांधून गाडी टोचन करून नाशिकला पोचवतो. गाडी ओढून नेण्याला आमच्याकडे टोचन म्हणतात. शब्द कुठून आला देव जाणे, मला तो अजून टोचतो. अप्पांनी त्याला नीट समजावलं. साधी गाडी न्यूट्रल केली की मोकळी, ओढत कुठेही न्या. हिच्या गिअरबॉक्सचं तेल मात्र इंजिन चालू असेल तरच फिरतं. बंद इंजिनाने ओढली तर मागची चाकं आतलं सगळं कोरडंच फिरवतात आणि ते जळून जातं. मागची चाकं उचलून न्यायची, नाहीतर चाकांकडे जाणारा शाफ्ट खालून सोडवायचा. शिवाय इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. एवढं धूड दोराने ओढलं तर ट्रॅक्टरवरच आदळेल, मध्ये लोखंडी दांडा हवा. रविवारी मी मेकॅनिक घेऊन येतो, असं म्हणून अप्पांनी पुन्हा बजावलं, “तोवर टोचन नको. नको म्हणजे नको.”

मामाने मान डोलावली. आम्ही एसटीने परतलो. पायरी चढताना कंडक्टरने अप्पांच्या बगलेत हात घालून त्यांना वर घेतलं.

शनिवारी दुपारी गल्लीत ट्रॅक्टरचा आवाज आला. मागे आमची गाडी, धुऊन लख्ख केलेली, बॉनेटवर मळ्यातल्या झेंडूचा हार. मध्ये लोखंडी दांडा. दांड्याचं तेवढं मामाने ऐकलं होतं, आणि आजही मला सगळ्यात जास्त चीड त्या दांड्याची येते.

“दाजी, लय जड हाय बरं तुमची गाडी. पन सावकाश आनली.”

“शाफ्ट सोडवलास?”

“न्यूट्रलमधी टाकली व्हती ना. तुम्ही आपले मला तरास नको म्हनून नको म्हनत व्हते. कळत नाय का मला?”

अप्पांनी बॉनेट उघडलं. गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून बोटाने पुसली. ते तेल लाल असायचं. बोट काळं झालं, जळका वास ओट्यावर माझ्यापर्यंत आला. त्यांनी फडक्याला बोट पुसलं, हार काढून आईच्या हातात दिला आणि मामाला म्हणाले, जेवून जा. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पंप बदलला. इंजिन सुरेख चालू झालं. स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी खाली ओढली, इंजिन गरजलं, आणि गाडी जागची हलली नाही. तसला गिअरबॉक्स नाशकात नव्हता, मुंबईतही मिळाला नाही. शेवटी ती भंगारात गेली. नेणाऱ्या क्रेनवाल्याने तिची मागची चाकं उचलून घेतली, अगदी रीतसर.

मामाला खरं काय झालं ते मेकॅनिककडून कळलं. ओट्यावर बसून तो रडला आणि त्याची समजूत अप्पांनीच काढली. मात्र त्या दिवसापासून मामा अप्पांचं नको मानायला लागला. ताटावर हात आला की मामीला थांबवायचा.

पुढे बऱ्याच वर्षांनी, पुन्हा धोंड्याच्या महिन्यात, मामा नवी जीप घेऊन अप्पांना न्यायला आला. अप्पा तोवर रिटायर झाले होते आणि रिक्षावाल्याची मनधरणी नको म्हणून घराबाहेर पडेनासे झाले होते. मी माहेरी आले होते. त्या दिवशी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बसलेले मी पाहिले.

“येता का, दाजी?”

“नको रे. उगाच तुला त्रास.”

मामाने मान डोलावली. बरं, राहू द्या मग, म्हणाला. चहा घेतला आणि निघाला. जीपचा आवाज वळणावर विरेपर्यंत अप्पा खिडकीशी उभे होते.

“एकदाच विचारलं त्याने,” ते म्हणाले.