मिरच्या घाटकोपरला, ठसका जर्मनीत

लोक लिहितात त्या अशा गूढ अनुभवांखाली "काहीतरी लॉजिक असणार" अशी कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक. घरात कॉलेजला गेलेली पहिलीच, त्यात केमिस्ट्रीवाली. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय...

बीएस्सीनंतर मी ओ-पेअर म्हणून जर्मनीला गेले. म्हणजे एका कुटुंबात राहून त्यांचं मूल सांभाळायचं. बदल्यात राहणं-जेवण, हातखर्च आणि भाषेचा क्लास. वर्ष पूर्ण करून तिथेच एमएस्सीला अ‍ॅडमिशन घ्यायची, एवढंच डोक्यात होतं.

माझ्याकडची लेना चार वर्षांची. अचानक ती धड जेवेना, झोपेना. डॉक्टरांना काही सापडलं नाही. एका दुपारी ती पलंगावर किरकिरत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. घाटकोपरला तेव्हा दिवेलागण. लेनाची किरकिर ऐकून आई म्हणाली,

"चेडवाक दिष्ट लागली हा गो. मोबाईल तिच्यासमोर धर."

"आई, दृष्ट काय ऑनलाइन काढतात?"

"तुझो क्लास ऑनलाइन चलता, मग माझी दिष्ट कित्याक नाय?"

मी हसत फोन धरला. आईने मीठ-मिरच्या स्क्रीनवरून ओवाळून तव्यावर टाकल्या. आमच्याकडे मानतात, दृष्ट लागलेली असली तर मिरच्या जळूनही ठसका येत नाही. त्या काळ्या पडताना मला दिसत होत्या.

"बघ, वासच येणा नाय!" आई म्हणाली.

आणि ठसका मला लागला. लेनाही खोकायला लागली. छतावरचा स्मोक अलार्म किंचाळला.

लेनाची आई धावत आली, तीही खोकत. "माझ्या मुलीच्या खोलीत काय जाळलंस तू?"

मी फोन दाखवला. तिने माझी बॅगसुद्धा उपसली. राख नाही, काडी नाही. "मग लपवलंस कुठे?"

लेना त्या संध्याकाळी पोटभर जेवली, शांत झोपली. मला मात्र घर सोडायला सांगितलं. मुलाजवळ आग पेटवते, असं त्यांनी मला तिथे पाठवणाऱ्या एजन्सीला कळवलं. मग दुसरं कुटुंब कोण देणार? परत आले.

इथे आई चाळभर सांगत होती, "जर्मनीतली दिष्ट काढलंय मी!" शेवटी मी बोललेच, "पोरगी बरी झाली. माझं काय?"

 तिने मला समोर बसवून मीठ-मिरच्या ओवाळल्या. "तुकाच लागली असतली कोणाची तरी. परदेशात गेलंस, लोकांच्या डोळ्यांत इलंस."

मिरच्या तव्यावर पडल्या आणि खोली ठसक्याने भरली. शेजारचे ओरडायला लागले.

म्हणजे आईच्याच हिशेबाने, मला कोणाचीच दृष्ट लागली नव्हती. माझ्यात हेवा वाटावा असं कोणाला काही दिसलंच नव्हतं. मग तिकडे तो अलार्म का वाजला? मला माहीत नाही. आईलाही नाही. ती पदराने धूर खिडकीबाहेर घालवत राहिली.