खुर्चीपाशी वळायचं

बातमी आली तेव्हा मी बोईसरला पिठाच्या गिरणीत दळणाच्या रांगेत उभी होते. फोन मिश्राजींचा. मिश्राजी आमच्या धावण्याच्या क्लबातले, तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. एरवी फोन उचलला की श्वास न घेता बोलतात. त्या दिवशी नुसतं ‘दीदी...’ म्हणून थांबले. गिरणीच्या आवाजात मला वाटलं, फोन कट झाला. बाहेर येऊन पुन्हा लावला तेव्हा कळलं. जयवंतकाका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, चार वाजता काकींनी चहाला हाक मारली, ते उठलेच नाहीत. वय अडुसष्ट. आदल्याच रविवारी माझ्याबरोबर दहा किलोमीटर धावले होते आणि शेवटी मला मागं टाकून वर वळून हसलेही होते. त्याला आता सहा आठवडे झाले. मला रडायचं तेवढं मी रडून घेतलंय. आता त्यांच्याबद्दल लिहायला बसले की हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

काका मुरब्याचे. जन्म कोळ्याच्या घरात आणि समुद्रात गेलं की यांना बोट लागायची. वडिलांनी तीनदा होडीतून नेलं, तिन्ही वेळा काकांनी पोटातलं सगळं दर्याला अर्पण केलं, मग वडिलांनीच हात जोडले. असा हा किनाऱ्यावर राहिलेला कोळी तारापूरच्या कारखान्यात लागला आणि चौतीस वर्षं तिथले दाबाचे, तापमानाचे काटे बरोबर दाखवतात की नाही, हे तपासत राहिला. ती नजर निवृत्तीनंतरही गेली नाही. आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा चहा हातात घ्यायच्या आधी म्हणाले, “तुमचा घड्याळ दीड मिनिट पुढं हाय.” क्लब सुरू झाला तेव्हा रस्ताही त्यांनीच मोजला. पालघरहून शिरगावकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोरीपासून किनाऱ्यापर्यंत, तीस मीटरची टेप घेऊन, दोन रविवार. टेपचं दुसरं टोक धरायला मिश्राजी. वळणावर रस्ता आतल्या कडेनं मोजायचा की मधून, यावर दोघांनी भर रस्त्यात अर्धा तास वाद घातला, एक मराठीत, एक हिंदीत. शेवट नेमका आला सुरूच्या झाडांच्या पलीकडं, वाळूतल्या एका मोडक्या सिमेंटच्या खांबाशी. खांबाला हात लावायचा आणि वळायचं. जाऊन-येऊन दहा किलोमीटर, एक पाऊल कमी नाही की जास्त नाही.

मी मूळची बार्शीकडची. लग्न होऊन बोईसरला आले त्याला बारा वर्षं झाली. नवऱ्याची कारखान्यात पाळी, मी शाळेत चौथीच्या वर्गावर. शेजारी चांगले, शाळा चांगली, तक्रार कशाचीच नाही, पण इतक्या वर्षांत या भागात माझं म्हणावं असं माणूस नव्हतं. ते मिळालं या रविवारच्या दहा-अकरा घामेजलेल्या लोकांत. त्यामुळं डिसेंबरात माझ्या टाचेच्या हाडाला केसाएवढी चीर गेली आणि डॉक्टर म्हणाले, चार महिने धावणं बंद, तेव्हा मला टाचेपेक्षा वेगळ्याच ठिकाणी दुखलं. या लोकांत मी पायांच्या जोरावर शिरले होते. पाय गेला, आता आपली जागाही गेली, असं मी माझं मीच ठरवून टाकलं आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडले. कोणी विचारायच्या आत आपणच उठून जावं, हा माझा जुना स्वभाव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात काका, आणि रिक्षातून उतरवलेली एक निळी प्लास्टिकची खुर्ची. मी म्हटलं, “काका, घरात खुर्च्या आहेत हो.” ते म्हणाले, “ही घरातली नाय. ही शिरगावची.” मग बसले, माझ्या पायाकडं बघितलं, डॉक्टरांनी चढवलेल्या जाड बुटाला वाकून टिचकी मारली आणि म्हणाले, “पाय गेला, हात हायत नं? आमच्यात नेम हाय, बाय. ज्याचा पाय दुखावला, त्यानं खांबापाशी बसायचा. धावणाऱ्यानं त्याच्या हातावर हात मारायचा नि मंगच वळायचा. हात नाय लागला, तं धावलेला धरत नाय.” मला वाटलं, असेल बुवा नियम. असा नियम कधीच नव्हता. क्लबात तोवर कोणाचा पाय मोडलाच नव्हता, तर नियम कुठून येणार? तो काकांनी मुरब्याहून येताना रिक्षात केला होता. पण त्यांनी तो असा काही सांगितला की मी नाही म्हणाले असते, तर आख्ख्या क्लबचं धावणं वाया गेलं असतं आणि पाप माझ्या माथी लागलं असतं.

अशी मी वळणावर बसू लागले. रविवारी सकाळी मिश्राजी मला बोईसरहून गाडीत घालून शिरगावला आणत, सुरूच्या झाडांशी मला आणि खुर्चीला उतरवत आणि मग मोरीशी जाऊन सगळ्यांबरोबर धावायला लागत. काकांनी मला कामही लावून दिलं होतं. फिजिओथेरपीच्या बाईंनी पायाच्या बोटांनी गोट्या उचलायला सांगितल्या होत्या, काकांनी गोट्यांच्या जागी शिंपले आणले. बसल्या बसल्या बोटांनी पन्नास शिंपले उचलायचे. ते लांबून येताना दिसले की पहिला प्रश्न, “किती झाले?” मी चाळीसला पन्नास म्हटलं की ढिगाकडं एक नजर टाकून म्हणत, “दहा उडून गेले काय?” मग सगळ्यांचे हात... ओले, गरम, कोणाचा जोरात, कोणाचा नुसता बोटांचा स्पर्श. मिश्राजी तर दोन्ही हातांनी टाळी देऊन आशीर्वाद घेतल्यासारखे कपाळाला लावत. दोन महिने मी एक पाऊल धावले नव्हते आणि दर रविवारी कोण आजारी, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाचा बायकोशी अबोला आहे, सगळं मला आधी कळत होतं.

आणि काय सांगू, माझ्या त्या खुर्चीत बहुधा काही तरी गुण होता! जानेवारीपासून एकेकाची वेळ सुधारायला लागली. आधी अर्धं मिनिट, मग दीड, मग तीन. मार्चपर्यंत सगळा क्लब हवेत. कोणी म्हणे नाचणीची भाकरी, कोणी म्हणे नवे बूट. एकटे मिश्राजी सुतकी चेहऱ्यानं हिंडत होते. क्लबात अंतर दाखवणारं घड्याळ त्यांच्या एकट्याच्याच मनगटावर, आणि ते दहाच्या जागी साडेनऊ दाखवायचं, मग त्याहून कमी. “मेरी घड़ी बोल रही है, रास्ता कम है,” असं ते कळवळून सांगत आणि लोक त्यांनाच वेड्यात काढत. एकानं तर सांगितलं, समुद्राजवळ उपग्रहालाही भरती-ओहोटी लागते. रस्ता काकांनी मोजलेला, त्यावर शंका घ्यायची कोणी? बिचाऱ्यांनी घड्याळ कंपनीला परत पाठवून नवीन मागवलं. नवीनही तेच बोलायला लागलं.

मार्चच्या अखेरीस कोळगावच्या बाजूला एक दहा किलोमीटरची शर्यत होती. आमचे वीर नव्या वेळांच्या जोरावर उधळले. मी रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवायला. आठव्या किलोमीटरपर्यंत सगळे शूर, त्यानंतर एकेकाची जी गत झाली ती बघवत नव्हती. चालत काय, कमरेवर हात ठेवून थांबत काय! सगळे पाच-सहा मिनिटं उशिरा आले, डिसेंबरात जिथं होते तिथंच. फक्त काका त्यांच्या नेहमीच्या वेळेला, सेकंदाचा फरक नाही. सगळे झाडाखाली लोळत असताना मिश्राजी मनगट उंच करून ओरडले, “दस! पूरे दस!” मग हळूच माझ्याकडं वळले. “दीदी... आप कुर्सी रखती कहाँ थीं?”

तेव्हा मला आठवलं. खांबापाशी झाड नव्हतं. जानेवारीत ऊन लागायला लागलं तशी मी खुर्ची सुरूच्या सावलीकडं दहा पावलं मागं घेतली. पुढच्या रविवारी ती गेल्या वेळच्या जागी नेली आणि तिथून आणखी पंधरा पावलं मागं घेतली. सावली जिथं बरी, तिथं मी. मी मागं सरकत होते आणि क्लब वेगवान होत होता! “सावलीत,” मी म्हटलं. मग मिश्राजींना जे हसू फुटलं, ते त्यांच्या घड्याळाच्या दोन्ही जन्मांचं होतं. सगळे गवतात लोळून हसत होते, पण मला काही हसू येईना. धावत तर नव्हतेच, वर तीन महिने सगळ्यांची मेहनत पाण्यात घातली होती. आता खरंच उठून जावं, असं मनात आलं.

दुसऱ्या रविवारी काकांनी टेप आणली. खुर्ची ते खांब, तीनशे चौऱ्याऐंशी मीटर. टेप गुंडाळताना ते अजिबात दचकलेले दिसले नाहीत, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या हातावर हात मारून काका दर वेळी “आलोच” म्हणत आणि पुढं निघून जात. म्हातारा माणूस, आडोशाला जात असेल, म्हणून मी तिकडं बघायचीही नाही! ते खांबाला हात लावून येत होते. पुरते दहा धावत होते, एकटेच. मी म्हटलं, “काका, तुम्हाला माहीत होतं. मग बोलला का नाहीत?” “उन्हात बसली असती नं तू.” “अहो, पण सगळ्यांच्या वेळा खोट्या...” काका टेपवरची वाळू झटकत राहिले. मग म्हणाले, “टायम काय, परत लागंल. तुला बोललो असतो नं, तं तू घरी गेली असती. मंग परत आली असती काय?”

मी आले नसते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. घरातलं घड्याळ दीड मिनिट पुढं गेलेलं ज्याला खपत नव्हतं, त्या माणसानं माझ्यासाठी पावणेचारशे मीटरची चूक तीन महिने खपवून घेतली होती... मे महिन्यात मी धावायला लागले. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदा पुरते दहा धावले, काका सबंध वेळ बाजूला, बोटीत आपली कशी फजिती झाली ते तिसऱ्यांदा सांगत.

परवा मुरब्याला काकींना भेटायला गेले. काकांच्या खोलीत फळीवर जुने, काम न करणारे काटे ओळीनं मांडलेले आहेत, काकी त्यांवरची धूळ अजून रोज पुसतात. निघताना त्यांनी एक वही हातात दिली. “ही तुमच्या धावण्याची हाय. मला काय कळत नाय त्यातला.” प्रत्येक रविवारचं पान, प्रत्येकाचं नाव, पुढं वेळ. आधीची पानं निळ्या शाईनं, त्या तीन महिन्यांची पेन्सिलीनं. मी काकींना विचारलं, पेन मिळालं नव्हतं का? त्या म्हणाल्या, “नाय गो, ज्या आकड्याचा भरवसा नाय, तो ते पेन्सिलीनं लिवायचे. कारखान्यातली सवय.” मी पुन्हा पानं उलटली. त्या तीन महिन्यांत प्रत्येक पानावर फक्त दोन ओळी शाईच्या आहेत. एक त्यांच्या स्वतःच्या वेळेची. आणि खाली माझं नाव, पुढं दर रविवारी एकच शब्द, ‘हजर’. मधला एक रविवार माझ्या मुलाला ताप आला म्हणून मी गेले नव्हते. तिथं ‘गैरहजर’ लिहिलंय, तेही शाईनंच.