नसरीन आपाचा राउंड

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसले आहे. मी जनावरांची डॉक्टर. गाय उगाच का थरथरते, बैल रिकाम्या भिंतीकडे का बघत बसतो, याची कारणं मला पाठ. आई दाराला लिंबू-मिरची बांधायची तेव्हा ते लिंबू सोडून वरणात पिळणारी मुलगी मी... त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय. पण आता मीही निवृत्त झाले आहे, आणि कुठेतरी हे सांगून ठेवावं असं वाटतं.

मी मूळची मोर्शीची. त्या काळात नोकरी अकोल्याला होती. मोर्णा नदीच्या अलीकडे एका ट्रस्टने चालवलेला जनावरांचा दवाखाना होता — नाव मुद्दाम देत नाही. गावोगावच्या डॉक्टरांनी हात टेकलेली जनावरं आमच्याकडे यायची. विषबाधा, अडलेल्या गाई, पान लागलेले म्हणजे साप चावलेले बैल, ट्रकने उडवलेल्या म्हशी. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला ऑपरेशनची खोली आणि उजव्या हाताला पत्र्याची लांबलचक शेड. शेडमध्ये जनावरांची एकच ओळ. गव्हाण वाटेच्या कडेला, त्यामुळे वाटेने चाललं की सगळ्यांची तोंडं आपल्याकडे.

ती वर्षं आमच्या वऱ्हाडासाठी वाईट होती. पेपरात रोज शेतकऱ्यांबद्दल काय छापून यायचं ते तुम्हाला आठवत असेल, मी परत सांगत नाही. आमच्याकडे त्याचं वेगळं रूप यायचं — बरगड्या मोजता येतील अशी जनावरं. आणि दुसरं म्हणजे, ‘दोन दिसात नेतो मॅडम’ म्हणून गेलेली माणसं परत यायचीच नाहीत. घरी ना चारा-कुटार ना पाणी, इथे निदान तोंडाला काही लागेल, म्हणून ठेवून जायची. मी नवीन होते, मला राग यायचा. एकदा मी चिडून बोलले, “सरळ टाकून गेला बघा तो माणूस!”

तेव्हा नसरीन आपा म्हणाली, “टाकून नाही गेला. ठेवून गेला. जाताना बैलाच्या कपायावर हात फिरवून गेला, मी पायलं ना.”

डॉ. नसरीन. पातूरची. घरची कापडाची पेढी, त्यात ही एकटी पोरगी गुरांची डॉक्टर झाली. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. बाकी सगळे मॅडम म्हणायचे, मी आपा म्हणायची. अंगाने किरकोळ, पण अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू वळवायची तेव्हा तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. बोलणं अस्सल वऱ्हाडी, मधूनच उर्दू.

तिची एक सवय होती. दुपारी चारच्या सुमारास ड्युटी संपली की हात धुऊन ती शेडमधून एक फेरी मारायची. हा तपासणीचा राउंड नव्हता, ना हातात सुई ना थर्मामीटर. प्रत्येक जनावरापाशी थांबायची आणि त्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी, आपण पोळी म्हणतो ती, चार बोटांनी खाजवायची. “हाव बाप्पा, हाव...” एवढंच म्हणायची. ज्यांनी गुरं पाळली आहेत त्यांना माहीत असेल, असं खाजवलं की जनावर मान पुढे लांबवतं, हनुवटी वर करतं आणि डोळे अर्धे मिटतं. दुसऱ्या कशानेही ते असं करत नाही. वाऱ्याने नाही, माश्यांनी नाही. माश्या बसल्या तर ते मान झटकतं.

त्या उन्हाळ्यात, वैशाखात, एका गाईचं वेत सोडवून आपा उठली आणि म्हणाली, “वैशू, डोकं लय ठणकून राहिलं गं.” मी म्हटलं, ऊन लागलं असेल, बसा, लिंबूपाणी आणते. ती बाजेवर बसली... आणि आडवी झाली. मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या दिवशी गेली. दफनासाठी पातूरला नेलं तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. तिच्या अम्मी मला धरून एवढंच विचारत राहिल्या, “जेवली व्हती का ती? त्या दिवशी जेवली व्हती का?”

जेवली नव्हती. मी “हो” म्हणाले.

त्यानंतर पाऊस आला तसा गेला. श्रावणात मोठा खंड पडला. उपाशी गुरं वाळत चाललेल्या कोवळ्या ज्वारीत शिरली. पाणी न मिळालेल्या अशा ज्वारीत विष असतं, त्याला आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात. रोज केसेस. शेड भरून गेली. उन्हाळ्यातलं एकही जनावर आता तिथे नव्हतं, ठेवून गेलेली सगळी गोरक्षणात पाठवली होती. हे लक्षात ठेवा... आपाला ओळखणारं एकही नव्हतं.

पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा एका गोऱ्ह्याची सलाईन बघत उभी होते. ओळीतल्या पहिल्या म्हशीने मान लांबवली. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, चारा मागते आहे. थोड्या वेळाने तिने मान खाली घेतली आणि शेजारच्या गाईने लांबवली. मग तिच्या पुढच्या बैलाने. एकेक करून, ओळीने... मधे कोणी सुटलं नाही, कोणी आधी केलं नाही. माझ्यासमोरच्या गोऱ्ह्याची पाळी आली तेव्हा त्याची पोळी हलताना मी हातभर अंतरावरून पाहिली. मागे-पुढे, मागे-पुढे. हवेचा लवलेश नव्हता. घड्याळ बघायची गरजच नव्हती, ऊन शेडच्या दुसऱ्या खांबाला टेकलं होतं, म्हणजे आपाची वेळ.

मी शास्त्र शिकलेली बाई. दुसऱ्या दिवशी चाऱ्याची वेळ बदलून पाहिली. पंखे बंद करून पाहिले. मधल्या दोन जनावरांच्या जागा बदलून पाहिल्या. काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या मुख्य डॉक्टरांना, गावंडे सरांना, मुद्दाम घेऊन आले, कारण न सांगता. ते ओळीच्या टोकाशी उभे राहिले. ओळीतून एकेक करून माना लांबत गेल्या, डोळे मिटत गेले. सर शेवटपर्यंत बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या तिसऱ्या गाईची सलाईन संपत आली, बदला.” एवढंच. पण त्या दिवसापासून चारच्या सुमारास त्यांनी शेडमध्ये कोणालाही मोठ्याने बोलू दिलं नाही.

त्याच आठवड्यात बाळापूरकडच्या एका खेड्यातून इंदूबाई आली. विधवा, पन्नाशीची, चार एकर स्वतः कसणारी. तिच्या जोडीतला एक बैल ज्वारी खाऊन बांधावरच गेला होता. दुसरा, लाल्या, टेम्पोत घालून आणला. औषध वेळेत लागू पडलं, विष उतरलं. पण लाल्या उठेना. खाईना. रक्त तपासलं, फुप्फुसं ऐकली, सगळं ठीक. सरकीची ढेप पुढे केली तर तोंड फिरवायचा. आणि बैल असा बसून राहिला तर पायातला जीव जातो, हे आम्हाला माहीत होतं.

इंदूबाई त्याच्याजवळच बसून असायची. मला म्हणाली, “मॅडम, वासरं व्हते तवापासून संगं बांधले दोघं. हा डावा, तो उजवा. आता उजवीकडे कोनी नाही तं हा काहून उठन?”

गावंडे सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “उद्यापर्यंत बघू. नाहीतर बाईला सांगावं लागेल.” काय सांगावं लागेल ते आम्हा दोघांना कळत होतं.

त्या दुपारी मी मुद्दाम लाल्यापाशी थांबले. वेळ झाली. ओळीच्या त्या टोकापासून माना लांबत आल्या. शेजारच्या म्हशीने मान खाली घेतली... आणि लाल्या तसाच. जमिनीवर हनुवटी टेकून. मला वाटलं, आता पुढे जाणार. पण पुढच्या जनावराने मान उचलली नाही. सगळी शेड थांबल्यासारखी झाली. किती वेळ, सांगता येणार नाही. मग लाल्याच्या गळ्याखालची कातडी हलायला लागली. आधी जरा, मग जास्त. त्याने एक लांब श्वास सोडला, हनुवटी जमिनीवरून उचलली आणि मान पुढे काढली, जमेल तेवढी.

इंदूबाईने माझा हात घट्ट धरला. “याले कोन खाजवून राहिलं?”

मला माझं माणूस आठवत होतं. पण तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती स्वतःच म्हणाली, “तोच हाय. तो असाच चाटे याले मानेखाली. मॅडम, तो आला.”

मी म्हटलं, “हो इंदूबाई.” आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ते खोटं वाटलं नाही. कोण आलं होतं हे मला तरी कुठे माहीत होतं?

लाल्याने तिच्या हातून ढेप खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुढचे पाय रोवून उठला, पडला, परत उठला. पोळ्याच्या आधी ती त्याला घेऊन गेली. जोडीदाराची जागा मोकळी ठेवूनच त्याला गाडीत बांधलं तिने.

मला राहवेना. त्यानंतरच्या रविवारी मी एसटीने पातूरला गेले, आपाच्या अम्मींकडे. वाटलं, त्यांना बरं वाटेल. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. जनावरांच्या माना, सर, लाल्या, सगळं. अम्मी तस्बी हातात धरून ऐकत होत्या. मणी सरकायचे थांबले होते. मला वाटलं, आपण भलतंच काही बोललो, त्यांच्यात असलं मानत नसतील.

मग त्या म्हणाल्या, “तू खोटं नाही बोलनार बेटा. तू म्हनते तं असन.” आणि पदराने तोंड झाकून घेतलं. “पन मंग घरी काहून नाही येत ती? मी तं दार लावतच नाही.”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. माझ्याही मनात तेच होतं ना इतके दिवस! जनावरांसाठी येते, तर आमच्यासाठी का नाही? ज्या माणसांनी तिच्याबरोबर उभं राहून वासरं ओढली, जी तिच्याबरोबर एका डब्यात जेवली, त्यांना तिने एकदाही काही कळवू नये?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेले आणि ओळीच्या शेवटी, शेवटच्या कालवडीच्या पलीकडे, गव्हाणीला पाठ लावून, ओळीतलीच एक असल्यासारखी उभी राहिले. वेडेपणा वाटेल तुम्हाला. वेडेपणाच होता. ऊन दुसऱ्या खांबावर आलं. पहिल्या म्हशीने मान लांबवली. मग पुढची. मग पुढची... माझ्या शेजारच्या कालवडीने हनुवटी वर केली, डोळे मिटले. तिची पोळी मागे-पुढे होताना मला अगदी कानाशी ऐकू येत होती, केसांवरून बोटं फिरावीत तशी बारीक खसखस.

मी हळूच म्हटलं, “आपा, अम्मी दार लावत नाहीत.”

कालवडीने मान खाली घेतली.

मला काहीही जाणवलं नाही. ना स्पर्श, ना वास, ना गारवा. मी तशीच उभी राहिले, ऊन पार भिंतीवर चढेपर्यंत. मागून गावंडे सर आले, माझ्याजवळ उभे राहिले, मग म्हणाले, “चल बेटा, चहा घेऊ.” एरवी ते मला डॉक्टर म्हणत.

त्या दिवसानंतर ते कधीच झालं नाही. आठवडाभर मी रोज चारला शेडमध्ये थांबत होते. जनावरं रवंथ करत बसलेली असायची, माश्यांना माना झटकायची, बस्स. सरांनी विषय कधी काढला नाही आणि ते गेलेही आता. मी अनेकांना विचारलं — जनावरांच्या वर्तनाचा अभ्यास केलेल्यांना, मानसोपचारवाल्यांना, एका मौलवींनासुद्धा. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं, पण एकाचंही पटलं नाही.

पुढच्या रमजान ईदला मी पातूरला गेले होते. अम्मींनी शीरखुर्मा पुढे ठेवला आणि विचारलं, “काही कयलं का?” मी मान हलवली, नाही. त्यांनीही मान हलवली, घरीही कोणी आलं नव्हतं. मग आम्ही दोघी उघड्या दाराकडे तोंड करून बसलो.