कंट्रोलचा तांदूळ आणि गणपतभाऊ

गणपतभाऊ गेल्याची बातमी मला वऱ्हाडातल्या आमच्या मालेगावच्या बाजारात त्यांच्या हमालानं दिली. "शब्बीरभाई, आज दुकान उघडलंच नाही," एवढंच तो बोलला... मी समजलो. त्याला आता काही आठवडे झाले.

माझं शिलाईचं दुकान आणि त्यांचं तांदळाचं, मध्ये एकच भिंत. आमच्याकडे रोजचं खाणं ज्वारीचं. तांदूळ लागतो आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि लग्नाच्या पंगतीला. तो यायचा भंडाऱ्याकडून. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत आधी तिकडच्या जिल्ह्यांत तांदूळविक्रीवर सरकारी कंट्रोल आला. आमच्याकडे अजून मोकळं होतं. माल येईना, भाव चढले आणि बाहेरचे व्यापारी गणपतभाऊंचं सगळं कोठार उचलायला येऊन बसले. भाऊंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "हा गेला तं इथल्या बाळंतिनीनं काय खावं?" मला म्हणाले. पुढे एकेक जिल्हा घेत कंट्रोल वऱ्हाडातही पोचला आणि रेशनच्या वाटपाचं दुकान त्यांनाच मिळालं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात शिरपूरहून त्यांची धाकटी बहीण वत्सला आली. भाऊंची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. आपलं माणूस म्हणावं तर ही एकटीच. तिच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, पंगतीला पोतंभर तांदूळ हवा होता.

"वत्सले, तुह्या कार्डावर बसते तेवढा देतो. बाकीचा लोकायचा हाय."

"अन मी कोन हावो?"

ती पाणीही न घेता उठली. लग्नात व्याह्यांच्या पानात भाताऐवजी ज्वारीच्या कण्या पडल्या. गणपतभाऊ मांडवाच्या कडेला बसून होते. त्यांच्याशी कोणी बोललं नाही. पुढे गावातही तेच झालं. ज्याला जादा तांदूळ नाकारला, तो त्यांच्या ओट्यावर बसेनासा झाला. संध्याकाळी जिथं गप्पांना जागा पुरत नसे, तिथं ते एकटेच दिसत.

कंट्रोल उठला तेव्हा भाऊंनी नव्या तांदळाचं पोतं गाडीत घातलं आणि शिरपूर गाठलं. मी बरोबर होतो. वत्सलाबाई दारात आली.

"आता कायले आनलं? पोरगी तं कवाच सासरी गेली." मग म्हणाली, "ठेव तिथं."

आत ये म्हणाली नाही. परतताना ते म्हणाले, "तिचं खोटं नाही, शब्बीर. पन तिले देलं असतं, तं दुसऱ्याले कोन्या तोंडानं नाही म्हनलो असतो?"

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांना हिवताप झाला. बहिणीला निरोप पाठवतो म्हटलं, तर त्यांनी हात धरला. "नोको. बोलावून आली, असं होईन ते. आपल्या मनानं येऊ दे." ती आली तेराव्याला. दुकानात शिरली, त्यांच्या गादीच्या काठावर बसली आणि कोणाकडे न पाहता म्हणाली, "त्याले मऊ भात आवडे..."

गणपतभाऊ दुपारी दुकानातच जेवत. दाराच्या पुढच्या फळ्या लावून घेत, पण एक काढलेली ठेवत. "येनाऱ्याले बंद वाटू नये," म्हणत. येणारं कोणी नसे. आता तिथल्या सगळ्या फळ्या लागल्या आहेत. जेवायला बसताना मी माझ्या दुकानाची एक काढून ठेवतो... आणि घास हातात धरून भिंतीपलीकडचं काही ऐकू येतं का, पाहतो.