डेअरीतला खेकसणारा

आमच्या डेअरीत दूध मोजून घेणारा माणूस आधी कॅनचं झाकण उघडून नाक मुरडतो, मग खेकसतो. मी हळू आवाजात माझा खातेनंबर सांगितला की रांगेसमोर म्हणायचा, "काय बाई, आवाज म्हशीनं खाल्ला का?" सगळे हसायचे. असल्याचं तोंडसुद्धा बघू नये, असं वाटायचं.

एकदा रांग नव्हती. मी धीर करून म्हणाले, "दादा, मला चारचौघांत बोलायची भीती वाटती. वाटंनं नंबर घोकत येते."

तो पुटपुटला, "मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. कुनाला सांगू नका, ताई."

लोकांवर तो अजूनही तसाच खेकसतो. मेल्याला लाज नाही. मला बघितलं की मात्र हातातलं माप खाली ठेवतो आणि उजवा कान पुढं करतो.